टरफलं कोण उचलणार?

जुलैचा शेवटचा आठवडा आला की मुलं वह्या घेऊन माझ्याभोवती घोटाळायला लागतात. "सर, टिळकांचं भाषण द्या ना लिहून. तीन मिनिटांचं. आई म्हणाली, जास्त मोठं नको, पाठ होत नाही." सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षं मराठी शिकवतोय आणि तितकीच वर्षं ही भाषणं लिहून देतोय. सुरुवात ठरलेली: अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो. शेवटही ठरलेला: एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. आणि मधे शेंगा. शेंगांशिवाय आमची १ ऑगस्ट पार पडत नाही.

गोष्ट कुणाला सांगायला नको. वर्गात टरफलांचा पसारा, गुरुजींचा हुकूम, आणि तो एक मुलगा ताठ उभा राहून म्हणतो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. ती अशीच घडली का, हे इतिहासवाल्यांनी बघावं. मला एवढंच कळतं की महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी ती पाठ केली, टाळ्या घेतल्या आणि खाली उतरून निमूट टरफलं उचलली.

दोन वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाला मी हे भाषण बसवून दिलं. "उचलणार नाही" म्हणताना उजवा हात कसा झटकायचा, कुठे क्षणभर थांबायचं, सगळं. पोरगा तयारीचा. पहिला नंबर आला, कंपासपेटी मिळाली. पुढे आठ-दहा दिवसांनी पोषण आहाराचा अंडी-केळी वाटपाचा दिवस होता. अंडं खात नाहीत त्यांना केळं. मधली सुट्टी संपली तेव्हा व्हरांड्यात केळ्यांची सालं पडलेली, पाऊस चालू, फरशी ओली, आणि एक पाचवीतली पोरगी घसरून पडली. मी तणतणत सातवीच्या वर्गात गेलो आणि मागच्या दोन बाकांना सालं उचलायला सांगितली. हा पोरगा उठून उभा राहिला. म्हणाला, "सर, मी केळं खाल्लंच नाही. मी अंडं घेतलं होतं."

वर्ग हसला. मला वाटलं, हसू माझ्यावर आहे. "शहाणपणा शिकवतोस?" म्हणून मी बाकीच्यांना बसवलं आणि त्याला एकट्याला सगळी सालं उचलायला लावली. त्यानं उचलली. एकेक साल उचलून डाव्या हातात धरत होता, उजव्या हाताला लागू नये म्हणून. पुढचा तास चित्रकलेचा होता.

संध्याकाळी निबंधाच्या वह्या तपासताना त्याची वही हाती आली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात ते भाषण होतं. "मी शेंगा खाल्ल्या नाहीत" या वाक्याखाली मीच लाल पेनानं रेघ ओढून लिहिलं होतं, "इथे जोर."

त्या पोराचं काय चुकलं? त्यानं भाषण खरं मानलं.

आपल्याला जे आवडतात त्यांच्यासारखं कसं व्हावं, हा प्रश्न आपण खासगी समजतो. ज्याचा त्याचा, पहाटे उठून आरशासमोर सोडवायचा. मला तो सार्वजनिक वाटतो, कारण त्यावर आपण सगळे मिळून फार वेळ आणि पैसा घालतो. दरवर्षी शासनाचं परिपत्रक येतं, कोणकोणत्या थोर व्यक्तींच्या जयंत्या कार्यालयांत आणि शाळांत साजऱ्या करायच्या त्याची यादी घेऊन. यादी वर्षागणिक लांबते. प्रतिमापूजन, हार, नारळ, दोन शब्द, फोटो, फोटो गटावर टाकणे, अहवाल वर पाठवणे. चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर महापुरुष वरच्या कोपऱ्यात, खाली शुभेच्छुकांचे चेहरे त्यांच्यापेक्षा मोठे. ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूला मे महिन्यात व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांचं पेव फुटतं: आत्मविश्वास, सभाधीटपणा, नेतृत्वगुण, पाच दिवसांत, नाश्त्यासह. वर्षभर मोबाइलवर पहाटे पाचला उठणाऱ्यांचे व्हिडिओ असतातच.

वरवर पाहता या दोन बाजू एकमेकींच्या उलट वाटतात. एक म्हणते, त्यांच्या पायाशी बस. दुसरी म्हणते, तूही त्यांच्यासारखा हो. माझ्या मते दोन्हींची खोट एकच आहे. दोघींनाही माणूस तयार झालेला हवा असतो. पुतळा उभा राहिल्यावरचा, टाळ्या पडल्यानंतरचा. तो माणूस ज्या दिवशी अडला, ज्या दिवशी त्याला काहीतरी मोजावं लागलं, तो दिवस दोघीही वगळतात. आणि एखाद्यासारखं व्हायचं असेल तर नेमका तोच दिवस कामाचा असतो. बाकी सगळं त्याचं त्याच्यापाशी.

कर्व्यांचं उदाहरण मी मुलांना सांगतो, कारण त्यात सातारा येतं. धोंडो केशव कर्वे म्हटलं की भारतरत्न, १९५८, वयाची शंभरी, हे पाठ असतं. पण सतरा वर्षांचा धोंडो कोकणातल्या आपल्या मुरूड गावाहून सह्याद्री चढून शंभरेक मैल पायी साताऱ्याला परीक्षेला आला आणि परीक्षकांनी त्याला बसूच दिलं नाही. का, तर वय कमी दिसतं. अंगानं किरकोळ, स्वभावानं लाजरा. चालत आला तसा परत गेला. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही ऐकतात, कारण त्यांना एसटी चुकल्यावर चालणं म्हणजे काय ते माहीत असतं.

हा लाजरेपणा महत्त्वाचा आहे. आजच्या कुठल्याही शिबिरात त्यांना "सभाधीटपणा" या खान्यात भोपळा मिळाला असता. पहिली पत्नी १८९१ मध्ये वारली. विधुर प्राध्यापकाला मुलींची वाण नव्हती. त्यांनी स्वतःच्या मनाशी विचार केला तो असा: विधवांच्या लग्नाच्या बाजूचा मी, आता माझीच वेळ आली आहे, तर बोललो ते करणार की नाही? ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी, एका विधवेशी लग्न केलं. मुरूडनं बहिष्कार घातला. ज्या गावासाठी त्यांनी वर्षानुवर्षं निधी उभा केला होता, त्याच गावानं. आत्मपरीक्षण म्हणतात ते मला इथे दिसतं. त्यात डोळे मिटून बसणं नाही. आपलं बोलणं आणि आपलं घर शेजारी शेजारी ठेवून बघणं आहे.

वीस वर्षं आधी हाच प्रश्न न्यायमूर्ती रानड्यांपुढे आला होता. विधवाविवाहाच्या चळवळीतले ते अग्रणी. १८७३ मध्ये पत्नी गेली. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी पाहिली. रानड्यांनी नको म्हणून पाहिलं, वडील ऐकेनात, आणि एकतीस वर्षांचे रानडे वाकले. विरोधकांना हसायला आयतं कोलीत मिळालं, आणि ते गैर हसत होते असं मला म्हणवत नाही. पुन्हा १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याचं प्रकरण पेटलं, तेव्हाही शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. दोनदा वाकलेला माणूस.

मग रानड्यांना मानायचं की नाही? मी मानतो. आणि वाकले म्हणून जास्त मानतो असलं काही चमकदार मी म्हणणार नाही. वाकले ते वाकलेच. पण लग्न झाल्यावर त्यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलीला शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांचा रोष तिनं सोसला, अभ्यास सोडला नाही, आणि त्याच रमाबाई रानडे पुढे पुण्याच्या सेवासदन या स्त्रियांच्या संस्थेच्या आधार झाल्या. चूक मिटत नाही. चुकीनंतर माणूस काय करतो हे मात्र दिसतं. मुलांना हे कळत नाही असं समजणं हा आपला अडाणीपणा आहे. घरात बापाचं ऐकावं लागलेली मुलगी माझ्या वर्गात दर वर्षी एक तरी असते. तिला कर्व्यांपेक्षा रानडे लवकर समजतात.

यावर शिक्षकांच्या खोलीत मला नेहमी एक उत्तर मिळतं: "सर, मुलांसमोर थोरांचे दोष काढू नयेत. आदर कमी होतो. आणि आजकाल कोण कुठे बसलंय, कोणाच्या भावना दुखावतील, सांगता येत नाही." दुसरं वाक्य खरं आहे, मी नाकारत नाही, महापुरुषांबद्दल साधं विधान करतानाही आपण आजूबाजूला बघून घेतो. पहिलं मात्र मला पटत नाही. ज्याच्यात काहीच अडलं नाही अशा माणसाचा आदर करणं फुकट असतं. तो सूर्यासारखा. सूर्याचा आदर करून कुणी सूर्य होत नाही, आणि झालो नाही म्हणून कुणाला वाईटही वाटत नाही. दोष लपवले की आदर टिकतो हे खरं, पण तो कपाटात टिकतो.

रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीला, १८ जानेवारी १९४३ रोजी, पुण्याच्या गोखले स्मारक मंदिरात व्याख्यान द्यायला बोलावलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना. जयंतीच्याच व्यासपीठावरून ते विभूतिपूजेवर बोलले. एखाद्याबद्दल मनापासून कौतुक वाटणं वेगळं आणि आपली बुद्धी बाजूला ठेवून त्याच्या आज्ञेत राहणं वेगळं, पहिल्यात वावगं काही नाही, दुसरं घातक, हा भेद त्यांनी तिथे केला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी हाच इशारा राजकारणाच्या संदर्भात दिला, हे पुष्कळांना माहीत असतं. १९४३ चं व्याख्यान मला जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात ते रानड्यांना तोलतात. पारडं कुठे जड, कुठे हलकं, दोन्ही सांगतात. बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानणारा हा माणूस त्यांच्यापैकी कुणाचीही नक्कल नव्हता. आणि आज आपण १४ एप्रिलला काय करतो? बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत, असं भाषणात सांगतो. मुलांच्या डोक्यात काय शिरतं? की आपण अठरा तास बसू शकत नाही, म्हणजे आपलं काम नाही.

इथे एक आक्षेप येतो तो खरा तगडा आहे, आणि त्याचं सोपं उत्तर माझ्यापाशी नाही. आक्षेप असा की आत्मपरीक्षण, स्वतःला घडवणं वगैरे सगळं पोट भरलेल्यांचं आहे. ज्याला पाण्याला हात लावू देत नाहीत त्यानं स्वतःत काय सुधारायचं? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जे लोक गेले, त्यांच्यात व्यक्तिमत्त्वाची कमतरता नव्हती. तळं बंद होतं. "स्वतःला बदला, जग बदलेल" हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. ते ऐकवणाऱ्याला जग बदलायचं नसतं. नोकरी न लागलेल्या पोराला सांगायचं की तुझी देहबोली चुकीची आहे, म्हणजे जागाच निघाल्या नाहीत हे सांगायला नको. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत खुर्ची भाड्यानं घेऊन बसलेली आमच्या शाळेची माजी मुलं मी पाहतो. दिवसाला दहा तास वाचतात. भिंतीवर प्रेरणादायी वाक्यं चिकटवलेली. चौथ्या प्रयत्नानंतर त्यांना वाटायला लागतं की दोष आपल्या मनोबलात आहे. हजारो अर्ज आणि मूठभर जागा, हा हिशोब भिंतीवर कुणी लावत नाही.

म्हणून मला फुले दांपत्याचा क्रम समजून घ्यावासा वाटतो. १८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा अपमान झाला. वय एकवीस. अपमान गिळून "मी अधिक मोठा होईन" म्हणण्याची वाट समोर होतीच. आजच्या व्याख्यात्यांनी तीच सुचवली असती. त्यांनी अपमानाचं कारण शोधलं, ते आपल्या अंगात नसून व्यवस्थेत आहे हे ओळखलं, आणि त्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पण गंमत अशी की शाळा काढायची तर शिक्षिका हवी, आणि शिक्षिका हवी तर आधी घरातली बाई शिकलेली हवी. सावित्रीबाई शिकल्या, शिकवायला गेल्या, अंगावर शेण-चिखल आला तेव्हा दुसरं लुगडं जवळ ठेवून जात राहिल्या. यात स्वतःला घडवणं आहेच, पण ते कामासाठी आहे. काम आधी, त्यातून माणूस घडतो. शिबिरात हे उलटं चालतं: आधी व्यक्तिमत्त्व, मग काम बघू.

शिबिरांवर मी सरसकट दगड मारत नाही. आमच्याच शाळेतली एक मुलगी, बोलताना नजर पायाच्या अंगठ्यावर, उन्हाळी शिबिराला गेली आणि समोर बघून बोलायला शिकली. आज बँकेत आहे. त्या पाच दिवसांचा तिला उपयोग झाला आणि तिच्या आईनं भरलेले पैसे वसूल झाले. बोलायला शिकवा, इंग्रजी शिकवा, मुलाखत कशी द्यायची ते शिकवा. फक्त त्याला कौशल्य म्हणा. तिथे शिकवतात ते कपडे इस्त्री करणं आहे आणि इस्त्री लागतेच. त्याला "व्यक्तिमत्त्व" म्हटलं की मुलांना वाटतं, माणूस म्हणजे इस्त्रीच.

कुणासारखं तरी होण्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण गोखले आणि गांधींचं. आधी गोखल्यांचं एक सांगतो, कारण ते शाळेत कुणी सांगत नाही. १८९७ साली गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत होते. पुण्यात प्लेग, घरं तपासणारे सोल्जर, त्यांच्या अत्याचारांची पत्रं गोखल्यांना येत होती. स्त्रियांवर अत्याचार झाल्याचं त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितलं. सरकारनं पुरावा मागितला. परत आले तर पत्र लिहिणारे पुढे यायला तयार नाहीत, आणि त्यांची नावं उघड करायला गोखले तयार नाहीत. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. छापील, सगळ्या देशाला वाचता येईल अशी. त्यांचंही वय तेव्हा एकतीस, लग्नाच्या वेळच्या रानड्यांइतकंच. पुण्यात त्यांची इतकी छी-थू झाली की दुसरा असता तर सार्वजनिक जीवनातून उठला असता. ही माफी बरोबर होती का, यावर आजही वाद घालता येईल. अत्याचार झालेच नव्हते असं माफीवरून सिद्ध होत नाही. मला लागतं ते वेगळंच: जे जाहीरपणे बोललो ते सिद्ध करता येत नाही, तर मागेही जाहीरपणेच घ्यायचं. कोपऱ्यात गाठून "तसं नव्हतं म्हणायचं मला" असं नव्हे.

या गोखल्यांना गांधींनी आपला राजकीय गुरू म्हटलं. १९१५ च्या जानेवारीत गांधी आफ्रिकेहून परत आले तेव्हा गोखल्यांनी त्यांना घातलेली अट प्रसिद्ध आहे: वर्षभर देश हिंडायचा, पाहायचं, सार्वजनिक प्रश्नांवर बोलायचं नाही. आजच्या भाषेत, वर्षभर पोस्ट टाकायची नाही. पंचेचाळीस वर्षांच्या, आफ्रिका गाजवून आलेल्या माणसाला. गांधींनी ते मानलं. फेब्रुवारीत गोखले गेले, तरी मानलं. गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजात जायची त्यांची इच्छा होती. तिथल्या सभासदांना त्यांच्या पद्धती मानवणाऱ्या नव्हत्या, तेव्हा अर्ज त्यांनी स्वतः मागे घेतला. पुढे गांधी जे झाले त्यात गोखल्यांसारखं वरवर काय आहे? ना ते आकडेमोडीचं अंदाजपत्रकी भाषण, ना ती सनदशीर चाल. गुरूसारखं व्हायला निघालेला शिष्य गुरूपेक्षा अगदी वेगळा निघाला. घेतलं ते एवढंच की बोलण्याआधी बघायचं आणि चुकलो तर सगळ्यांसमोर म्हणायचं. तेवढं पुरलं.

आणि ज्यांची जयंती कुठल्याही यादीत नाही अशा पार्वतीबाई आठवले. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नीची बहीण, विधवा, केशवपन झालेली, अक्षरओळख उशिरा झाली. कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून त्यांनी वर्गणी गोळा केली. एका टप्प्यावर त्यांनी डोक्याला वस्तरा लावणं बंद केलं. आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर इंग्रजी शिकायला त्या अमेरिकेत गेल्या, तिथे लोकांच्या घरी मोलकरणीचं काम करून राहिल्या. माझ्या आईच्या वयाच्या बायका "आता काय शिकायचं या वयात" म्हणतात तेव्हा मला पार्वतीबाई आठवतात. पण मी त्यांना ते सांगत नाही. सांगितलं की पुन्हा भाषण होतं.

मग शाळेत करावं काय? माझं म्हणणं फार मोठं नाही. यादी शासनाची आहे, ती आपल्या हातात नाही. पण त्या दिवशीची तीन मिनिटं आपल्या हातात आहेत. जन्म अमुक गावी, वडील अमुक, आई प्रेमळ, लहानपणापासून हुशार, हे सगळं वगळून मुलानं त्या माणसाचा एकच दिवस सांगावा. ज्या दिवशी त्याला सोपी वाट मोकळी होती आणि त्यानं कोणती धरली, काय गेलं, कोण दुरावलं. चुकीची वाट धरली असेल तर तेही. आणि मग एक वाक्य स्वतःचं: असा प्रसंग माझ्यावर आला होता का. हे वाक्य शिक्षकानं लिहून द्यायचं नाही, त्याला नंबर द्यायचा नाही. गेल्या वर्षी मी आठवीच्या एका तुकडीवर हे करून पाहिलं. निम्म्या मुलांनी त्या जागी काहीतरी गुळमुळीत लिहिलं. एकीनं लिहिलं, "मामानं दुकानात काट्याखाली चुंबक लावलाय ते मला माहीत आहे. मी कुणाला सांगितलं नाही. मामा मला वह्या घेतो." ते वाचून मी वही मिटून ठेवली. तिला काय उत्तर द्यायचं हे मला अजून सुचलेलं नाही. पण सव्वीस वर्षांत माझ्या हाती आलेलं जयंतीचं हे पहिलं खरं भाषण, आणि ते व्यासपीठावर कधीच होणार नाही.

हे मुलांकडून मागायचं तर आपणही द्यायला हवं. केळ्यांच्या सालींच्या दिवसापासून मी टाचणवहीच्या मागच्या पानांवर रोज एक ओळ लिहितो. टाचणवही पुढून मुख्याध्यापकांसाठी असते: आज काय शिकवलं. मागून मी एवढंच लिहितो: आज काय टाळलं. काय केलं हे लिहायला बसलो की माणूस स्वतःचं चरित्र लिहायला लागतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. टाळलेलं लिहिताना तसं जमत नाही. ओळी अशा: "बदल्यांच्या यादीत घोळ आहे हे दिसत होतं, शिक्षकांच्या खोलीत गप्प बसलो." "आईचा फोन दोनदा कापला." "पालक ओळखीचे, म्हणून त्याचे दोन गुण वाढवले." काही ओळी महिन्यात तीनतीनदा येतात. दोन वर्षांत मी सुधारलो असं म्हणण्याइतका पुरावा त्या वहीत नाही. फरक एकच पडला, तीच सबब दुसऱ्यांदा वापरताना आता हात अडखळतो.

त्या मुलाची मी माफी मागितली. लगेच नाही, पाच दिवसांनी. शाळा सुटल्यावर त्याला सायकलींपाशी गाठलं आणि म्हणालो, त्या दिवशी माझं चुकलं. तो म्हणाला, "असू दे सर, मी विसरलो पण." नजर सायकलच्या चेनवर. तो विसरला नव्हता; दुसऱ्या वर्षी भाषणाला नाव दे म्हटलं तर नको म्हणाला.

अपमान अडतीस मुलांसमोर केला आणि माफी सायकलींपाशी मागितली. गोखल्यांचा धडा शिकवणाऱ्या मास्तरला हे कळायला हवं होतं. वहीत ती ओळ अजून येते, "सातवीला सांगायचं राहिलं." सातवी आता नववी झाली, ओळ बदलली नाही. हा लेख लिहिणं त्या मानानं सोपं गेलं, त्या अडतीस जणांपैकी कुणी तो वाचायची शक्यता कमीच. नववी 'ब' चा सोमवारचा पहिला तास माझा असतो.